चादरीचं दुसरं टोक

इस्पितळाच्या पुढच्या दाराने माणसं आत येतात आणि मागच्या दाराने चादरी बाहेर पडतात. मागच्या दारापासून चार पावलांवर एक लांबट, ठेंगणी इमारत आहे. तिच्या भिंतींना बारा महिने घाम फुटलेला असतो. ते धुलाईघर. आजाऱ्यांच्या अंगाखालचं सगळं कापड तिथे येतं, उकळतं, पिळून निघतं, तापलेल्या रुळांमधून सपाट होऊन बाहेर पडतं आणि शेवटी घडीच्या टेबलांपाशी येऊन थांबतं. त्या टेबलांपाशी आठ बायका. चार जोड्या.

आता घडी म्हणजे काय, ते सांगायला हवं. इस्पितळाची चादर एकटीच्या हातात मावत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, मागे सरायचं, चादर ताणायची आणि दोघींनी एकाच क्षणी मनगटाला झटका द्यायचा. चादर फट्ट वाजते आणि सुरकुत्या पळतात. मग टोकाला टोक लावून दोघी एकमेकींकडे चालत येतात. एकीच्या बोटांतली टोकं दुसरीच्या बोटांत जातात. जिचे हात रिकामे झाले ती वाकते, लोंबणारी बाजू उचलते आणि पुन्हा मागे सरते. दिवसभर हेच. जवळ यायचं, लांब जायचं. दारातून बघणाऱ्याला वाटावं, बायका नाचतायत. नाचणारीच्या कमरेला विचारलं तर ती वेगळं सांगेल.

तिथे दोन रिवाज होते. एकदा जुळलेली जोडी मोडायची नाही, कारण झटका एका क्षणी बसायला वर्षं जातात. आणि भरायला घेतलेली गाडी अर्धी सोडून जायचं नाही. गाडी म्हणजे चाकांची, घड्यांनी भरून वॉर्डात ढकलत न्यायची. ताप असो, पाळी असो, घरी पाहुणे खोळंबलेले असोत, गाडी भरूनच टेबल सोडायचं. हे कुणी लिहून लावलेलं नव्हतं. नव्या बाईला ते पहिल्या दिवशी तोंडी सांगितलं जायचं आणि ती जन्मभर पाळायची.

खिडकीकडच्या टेबलावर जी जोडी होती, तिच्यातल्या थोरलीला सगळ्या ‘काटकोन’ म्हणत. तिच्या घडीचा कोपरा बोटाने तपासला तरी कुठे बाहेर डोकावायचा नाही. तिची जोडीदारीण ‘बडबडी’. हिच्या तोंडाला दिवसभर विसावा नसे. काटकोन ऐकायची आणि बडबडी बोलायची, आणि दोघींच्या मधे चादर वाजायची. असा त्यांचा संसार. घरच्या संसारापेक्षा जुना.

एका वर्षी धुलाईघरात तापाची साथ आली. एकेक करून सगळ्या आडव्या झाल्या आणि एकेक करून उठल्या. काटकोनचाही ताप उतरला. पण ताप गेला तरी ती परत आली नाही. म्हणजे शरीराने आली, टेबलापाशी उभीही राहिली. पण चादरीचं टोक धरलं की हात कोपरापासून परका व्हायचा. पायांत कुणी ओली वाळू भरावी तसं. रात्रभर झोपून उठायची आणि उठताना वाटायचं, झोप दुसऱ्याच कुणाला लागली होती.

झटका चुकायला लागला. बडबडीने मनगट उडवलं की काटकोनचं मनगट क्षणभर मागे राहायचं. चादर वाजायची नाही, नुसती सुस्कारायची.

“झोपलीस का गं उभ्या उभ्या?” बडबडीने विचारलं.

“नाही.”

“मग नवऱ्याशी भांडलीस?”

“नाही.”

“मग भांड तरी. काहीतरी कर.”

काटकोन हसली नाही. हसायलाही जे काही लागतं, ते तिला जपून वापरावं लागत होतं.

बऱ्याच तपासण्या झाल्या. रक्त चांगलं, हृदय चांगलं, फुप्फुसं चांगली. पहिल्या डॉक्टरने मन रमवा म्हणून सांगितलं. दुसऱ्याने फिरायला जा म्हटलं. ती फिरायला गेली आणि आठवडाभर अंथरुणात पडली. तिसरी डॉक्टर वयाने लहान होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही बोलली नाही, आणि शेवटी आजाराचं नाव सांगितलं. क्रॉनिक फटीग सिंड्रोम. विश्रांतीने न जाणारा, वर्षानुवर्षं राहू शकणारा थकवा. ह्यावर हमखास गोळी नाही, असंही तिने स्पष्ट सांगितलं. “आज जास्त काम केलंत तर आज काही वाटणार नाही. उद्या, परवा ते अंगावर येईल. म्हणून दमल्यावर नाही थांबायचं. दमायच्या आधी थांबायचं.”

घरी येऊन काटकोनने हे सासूला सांगितलं.

“थकव्याचा आजार?” सासू म्हणाली. “अगबाई! मग मला तो लग्न झाल्यापासून आहे.”

नवरा नळ दुरुस्त करणारा, बोलायला कंजूष. तो आईकडे बघून म्हणाला, “आई, पुरे.” आणि पाण्याचा तांब्या बायकोच्या उशाशी आणून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तो तांब्या तिथे रोज भरलेला असे. त्याने ह्यापलीकडे काही विचारलं नाही आणि तिनेही काही सांगितलं नाही. खोलीत दोघं असत, पंखा फिरत असे, आणि तिला वाटे, आपण आपल्याच घरात कुणाचीतरी वाट बघत बसलोय.

धुलाईघरात तिने एवढंच सांगितलं की अशक्तपणा आहे. आजाराचं नाव फक्त दोघींना सांगितलं, बडबडीला आणि मुकादमबाईला. मुकादमबाई म्हणजे घडीच्या टेबलांची प्रमुख, आवाजाने जाड आणि मनाने तितकीच मऊ. ती म्हणाली, “वर कळवायचं नाही. वर कळलं की ‘कामाला अपात्र’ असा शिक्का बसतो. आपण आपलं बघू. आठ बायका आहोत, एकीला झाकायला जमणार नाही?”

सगळ्यांनी चांगल्या मनाने केलं, हे आधी सांगून ठेवतो. पुढे जे झालं ते चांगल्या मनामुळेच झालं.

सुरुवातीला त्यांना तिचे बरे दिवस फसवत. मधेच एखाद्या सकाळी काटकोन जरा उजळ चेहऱ्याने यायची. चादर पहिल्यासारखी वाजायची. सगळ्या टेबलांवरून “आली गं, आली ताळ्यावर!” असा गलका व्हायचा. आणि काटकोनलाही वाटायचं, गेलं वाटतं. गाडी भरून व्हायची. मग दुसरी गाडी, कारण इतके दिवस इतरांनी आपली भरली. कुणी तिला थांबवत नसे. बरं वाटणाऱ्या माणसाला थांब म्हणणं म्हणजे अपशकुन. दोन दिवसांनी ती उठूच शकत नसे. उजेड डोळ्यांना टोचायचा, नवऱ्याच्या चपलेचा आवाज कानात खिळ्यासारखा जायचा. आठवडा जायचा. मग ती परत यायची, आधीपेक्षा थोडी कमी होऊन.

असं तीन-चारदा झाल्यावर बडबडीने चिमट्यांची युक्ती काढली. टेबलामागच्या भिंतीत दोन खिळे ठोकले, त्यांना दोरीने कपडे वाळत घालायचे दोन मोठे चिमटे बांधले. चादरीची दोन टोकं चिमट्यांत अडकवायची, उरलेली दोन आपल्या हातात, आणि भिंतीकडे चालत जायचं, यायचं. काटकोनचं काम चिमटे करू लागले. काटकोन टेबलाशेजारच्या पडद्यामागे, मळक्या कपड्यांच्या गाठोड्यांवर बसू लागली. कुणी आलं तर उठून टेबलापाशी यायची.

“हे दोघे बरे आहेत,” बडबडी चिमट्यांकडे बोट करून म्हणायची. “मी बोलते ते मुकाट्याने ऐकतात. तुझ्यासारखे ‘हं’ पण करत नाहीत.”

पडद्यामागून काटकोन म्हणायची, “हं.”

सगळ्या हसायच्या. काटकोनला वाईट वाटायला हवं होतं. भिंतीतल्या दोन चिमट्यांनी आपली जागा घेतली, ह्याचं काहीतरी वाटायला हवं होतं. ती आपल्या आत हात घालून चाचपायची, आणि तिथे काही लागायचं नाही. रिकाम्या डब्यात चमचा फिरवावा तसं.

पण चिमटे झटका देत नाहीत. एकटीची घडी सावकाश होते. म्हणून बाकीच्या तिन्ही जोड्या आपल्या घड्यांतल्या थोड्या थोड्या, कुणाचं लक्ष नसताना, खिडकीकडच्या गाडीत टाकायच्या. सगळ्यात जास्त टाकायची ‘तिखट’. तिची जीभ सुरीसारखी होती, आणि दुपारच्या जेवणाची अर्धी सुट्टी सोडून ती उभी राहायची. वर, ऑफिसात, संध्याकाळी चारही टेबलांच्या गाड्यांचे आकडे पहिल्याइतकेच पोचायचे. कुणाला काही कळलं नाही. इतकं नीट झाकलं होतं.

एके दिवशी रुळांचं यंत्र बिघडलं आणि साहेब खाली आले. साहेब म्हणजे धुलाईघराचे व्यवस्थापक. माणूस वाईट नव्हता, पण त्याला डोळ्यांपेक्षा आकड्यांनी जास्त दिसायचं. यंत्राकडे जाता जाता ते खिडकीकडच्या टेबलापाशी थबकले. बडबडी एकटी चादर घडी करत होती. काटकोन पडद्यामागून उठेपर्यंत त्यांचं बघून झालं होतं.

“हे काय?”

“चिमटे, साहेब,” बडबडी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती दोन शब्दांत थांबली.

“एकटीने होतं?”

आता काय बोलायचं? नाही म्हणावं तर उरलेली गाडी कुणी भरली हे सांगावं लागणार. “होतं की,” ती म्हणाली.

साहेबांनी चिमटा उघडून बघितला, मिटून बघितला. “छान आहे डोकं,” म्हणाले आणि यंत्राकडे गेले.

पुढच्या आठवड्यात मुकादमबाईला वर बोलावलं. ती खाली आली तेव्हा तिचा जाड आवाज कुठेतरी राहून गेला होता. चारही टेबलांच्या मागे भिंतीत पक्के चिमटे बसणार. एका टेबलावर एक बाई. उरलेल्या चौघींपैकी दोघी उकळीच्या हौदावर जातील आणि दोघींना काम नाही. नावं महिनाअखेरीला कळतील.

टेबलांपाशी सगळ्यांचे हात थांबले. रूळ फिरत होते आणि कापड येत होतं, आणि ते टेबलावरून खाली घसरून जमिनीवर साठत होतं.

तिखटने पडदा बाजूला केला. “ऐकलंस? गाठोड्यावर बसून ऐकू येतं ना नीट? तुझ्या आरामापायी दोघींच्या पोटावर पाय आला.”

“अगं तिला कशाला बोलतेस!” बडबडी मधे पडली. “चिमटे मी लावले.”

“तुला तर मी नंतर बघते. ‘होतं की’ म्हणे! एवढी तोंडाळ तू, आणि नेमकी तिथे तुझी वाचा बसली?” तिखट पुन्हा काटकोनकडे वळली. “मी माझं जेवण सोडून तुझी गाडी भरली. त्याचं हे फळ मला?”

काटकोन तिच्याकडे बघत होती. तिखटच्या गालावरून पाणी ओघळत होतं. काटकोनला दिसत होतं की ती रडतेय, हेही कळत होतं की ती खरं बोलतेय. पण ते सगळं काचेपलीकडे चाललं होतं.

“सांगायला पाहिजे वर,” ती म्हणाली.

मुकादमबाई खुर्चीत बसली. “मी सांगितलं तर इतके दिवस लपवलं म्हणून मी जाते. तू सांगितलंस तर तू जातेस. शिक्का बसला की दुसरीकडेही कुणी घेत नाही.”

“हो.”

“थोडं थांबू. विचार करू.”

पण काटकोनकडे विचार करायला लागणारी ताकद नव्हती. न सांगायचं ठरवलं असतं तर त्यासाठी कारणं शोधावी लागली असती, ती मनात धरून ठेवावी लागली असती, रोज उठून पुन्हा उचलावी लागली असती. सांगणं हलकं होतं. म्हणून ती निघाली. लोक पुढे ह्याला हिंमत म्हणाले. ते तिला कधी पटलं नाही.

ऑफिस वर, पोटमाळ्यावर. जिना लोखंडी, अरुंद. अर्ध्यात पोचल्यावर पायांनी नकार दिला. ती पायरीवर बसली, कठड्याला डोकं टेकलं. लोखंड गार होतं, ते तिला बरं वाटलं. तिथे किती वेळ गेला कोण जाणे. वरून साहेब चहाचा कप घेऊन उतरत होते, ते तिच्या मागे येऊन अडले.

“काय हो? चक्कर आली का?”

“नाही साहेब. तुमच्याकडेच येत होते.”

“मग या ना.”

“इथवरच आले.”

साहेब घुटमळले. तिला ओलांडून जायला जागा नव्हती. शेवटी ते दोन पायऱ्या वर बसले, कप गुडघ्यावर धरून.

ती खालच्या पायऱ्यांकडे तोंड करून बोलली. “चिमट्यांनी घड्या नाही झाल्या. एकटीने गाडी भरत नाही. बाकीच्या सहाजणी आमच्या गाडीत टाकत होत्या. चिमटे बसवलेत तर चारही गाड्या अर्ध्या येतील.”

“का टाकत होत्या?”

“मला झाकायला.”

मग तिने आजाराचं नाव सांगितलं. साहेबांनी ते नाव ऐकलेलं नव्हतं. त्यांनी चहाचा घोट घेतला. “म्हणजे अशक्तपणा?”

“नाही. अशक्तपणा खाऊन-पिऊन जातो.”

“मग आळ... नाही, तसं नाही म्हणत मी.”

“म्हणा. घरी म्हणतात.”

साहेबांनी कप दुसऱ्या गुडघ्यावर घेतला. खाली यंत्राची घरघर चालली होती. मग त्यांनी विचारलं, “तुम्ही किती काम करू शकता? दिवसाला किती?”

“ते मला माहीत नाही. आज केलेलं परवा अंगावर येतं. आज बरंच वाटतं.”

“मग कुठे थांबायचं ते आज कसं कळणार?”

“कळतच नाही. म्हणून डॉक्टर म्हणाल्या, दमायच्या आधी थांबा.”

“पण तुम्ही दमलेल्या नसताना थांबलात, तर बघणाऱ्याला काय वाटेल?”

“तेच.”

साहेबांनी कप पायरीवर ठेवला. ते चिडले होते, आणि कुणावर चिडावं हे त्यांना समजत नव्हतं. “हे आधी का नाही सांगितलंत? मी माणूस खातो का? अहो, मी खालच्या आकड्यांवर वर शब्द देऊन बसलोय. चार जणींत काम होतं म्हणून सांगून आलोय मी!”

तिने डोकं पुन्हा कठड्याला टेकलं. उत्तर सोपं होतं, पण ते लांब होतं.

पुढचे दिवस कसे गेले ते तिला नीट आठवत नाही, कारण त्या जिन्याने तिला अंथरुणात नेलं. घडलं ते असं. साहेबांनी एक दिवस खाली उभं राहून बडबडीला एकटीने काम करायला लावलं, दुसऱ्या कुणी तिच्या गाडीला हात लावायचा नाही. संध्याकाळी गाडी अर्धीच होती. चिमट्यांचा बेत मागे घ्यावा लागला, आणि त्यापायी साहेबांनी वर बोलणी खाल्ली. त्यांनी मुकादमबाईलाही चार शब्द सुनावले, पण तिची जागा राहिली. मग त्या तरुण डॉक्टरचं पत्र मागवलं गेलं. इस्पितळात हलक्या कामाचा नियम होता, आणि तो पाठ दुखणाऱ्यांसाठी वापरला जायचा. थकव्यासाठी तो कुणी वापरला नव्हता. घासाघीस झाली आणि शेवटी तो लागू झाला. अर्धा दिवस, बसून रफू. फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे, उसवलेल्या कडा. गाठोड्यांच्या जागी एक अरुंद पलंग. पगार अर्धा. सही करताना नवरा सोबत आला होता. तो तिला म्हणाला, “भागेल.” वर्षभरातला त्याचा सगळ्यात लांब दिलासा तेवढाच.

खिडकीकडच्या टेबलावर नवी बाई आली. जुळलेली जोडी मोडायची नाही हा रिवाज तिथे मोडला. बडबडी दोन दिवस रुसून बसली, मग सुट्टीत अभ्र्यांच्या ढिगापाशी येऊन कुरकुरू लागली.

“झटका आधीच देते मेली. सांगून सांगून माझं तोंड दुखलं.”

“तुझं?” काटकोन म्हणाली.

“हो, माझं! आणि मी काही बोलले की उलट मलाच किस्से सांगते. मी ऐकायला आलेय का इथे?”

काटकोनच्या ओठाचा एक कोपरा हलला. बडबडी ते बघत राहिली आणि मग पटकन दुसरीकडे बघू लागली.

रफूचा पहिला महिनाही सरळ गेला नाही. बसून काम करण्यात कसले कष्ट, असं काटकोनलाच वाटलं. तिने ढीग संपवले, आणि पुन्हा अंथरूण धरलं. ढीग संपवायचाच, गाडी भरायचीच, हे तिच्या हाडात इतकं मुरलेलं होतं की आजारालाही ते उपटता आलं नव्हतं. मग मुकादमबाईने वेगळीच तऱ्हा काढली. ढीग तिच्यापुढे ठेवणंच बंद केलं. एक एक कापड स्वतः आणून द्यायची, आणि मनात आलं की द्यायचं थांबवायची. पण मुकादमबाई सुट्टीवर असली की ते चालत नसे. शेवटी काटकोनला स्वतःच शिकावं लागलं.

तो दिवस तसा साधाच होता. मुकादमबाई आली नव्हती. काटकोनच्या मांडीवर एका मोठ्या चादरीची उसवलेली कड होती. हात नीट चालत होते, डोळ्यांपुढे अंधारी नव्हती, अंग चक्क गप्प होतं. कड वीतभर राहिली होती. तिने सुई थांबवली.

शेजारच्या टेबलावरून तिखटने ते पाहिलं. “अगं एवढंच राहिलंय. घाल की चार टाके, कुणासाठी ठेवतेस?”

बाकीच्या सातही जणींचे हात थोडे मंद झाले. काटकोनला कळलं की आपण लाजायला हवं. ती त्या वीतभर कडेकडे बघत राहिली. ते पूर्ण करणं तिला सहज जमलं असतं. तिच्या आयुष्यात तिने काहीही अर्धं सोडलं नव्हतं, आणि जेव्हा जेव्हा सोडलं नव्हतं, तेव्हा तेव्हा ती पडली होती.

“दमले नाहीये,” ती म्हणाली. “म्हणून थांबतेय.”

तिखट म्हणाली, “काय बाई तुझा आजार. शहाण्याला वेड लागेल.” आणि हात पुसून आली, चादर काटकोनच्या मांडीवरून उचलली आणि तशीच, अर्ध्या कडेनिशी, कोपऱ्यातल्या खुर्चीवर टाकली. “राहू दे उद्याला. मी हात नाही लावणार. मला रफू येत नाही.”

काटकोन भर उन्हात घरी आली. कामावरून अंग ओढत येताना हा रस्ता तिने कधी नीट बघितला नव्हता. सासू दारातच होती.

“आज लवकर?”

“वेळ झाली.”

“काम संपलं?”

“नाही.”

सासू दारातून बाजूला झाली. काटकोन आत जाऊन खिडकीशी बसली. अंगात थोडी ताकद उरली होती. खूप दिवसांनी घरी उरलेली ताकद आली होती, आणि तिचं काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. भांडी पडली होती. ती बघत राहिली. उठता आलं असतं. ती उठली नाही. आनंद असा झाला नाही, दुःखही नाही. समोरच्या भिंतीवर ऊन सरकत होतं, ते ती बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली आणि कामावर गेली. तिसऱ्या दिवशीही.